कंदिलावरचा हात

मुलांनो, डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक तंबू उभा करा. भाताची कापणी होऊन गेली आहे. खाचरात नुसती खुटं राहिली आहेत, पायाला टोचताहेत. त्याच खाचरात बांबू रोवून, ठिगळांचं कापड ताणून तंबू ठोकलाय. आत गवताच्या पेंढ्या पसरल्यात आणि मधोमध एक पांढरा पडदा बांधलाय. नीट ऐका हं, पडदा तंबूच्या टोकाला नाही, मधोमध आहे. त्याच्या एका अंगाला सिनेमाचं मशीन आहे आणि पुरुष बसलेत. दुसऱ्या अंगाला बायका आणि लेकरं. मशीनचा उजेड कापडातून आरपार येतो, म्हणून चित्र दोन्हीकडं दिसतं. तुम्ही बायकांच्या अंगाला बसा, थंडी आहे, कुणाच्या तरी पदरात शिरा. आणि आपण पडद्याच्या कुठल्या बाजूला बसलोय, तेवढं विसरू नका. पुढं लागणार आहे.

बसलात? तुमच्या शेजारी आहे ती सुरैया.

सुरैया चौथीत होती. मुळशी तालुक्यात, पौड रस्त्याला कासार आंबोलीच्या अलीकडच्या एका वाडीत तिचं घर. ही गोष्ट पंचेचाळीस-पन्नास वर्षांमागची. तेव्हा पिरंगुटच्या पुढं विजेचे खांब गेले होते, पण वाड्यावस्त्यांवर अजून कंदीलच होता, आणि रॉकेल रेशनवर मिळे. सुरैयाचे वडील इस्माईल टेलर. वाडीतले मोठे बागायतदार गेणबा यांच्या पडवीत त्यांचं शिलाई मशीन होतं. आई सुलताना बायकांची मापं घेई, काजंबटणं करी. घरात दादी होती, रहिमतबी. तिला सिनेमाचा भारी नाद.

दर हिवाळ्यात कमरुद्दीनचाचाचा तंबू येई, विजेसाठी स्वतःचं इंजिन घेऊन. तो नवे-जुने पुष्कळ सिनेमे आणी, पण लोक एकच मागत. जुना, काळा-पांढरा, रेघोट्या पडलेला. डोंगरावरचा एक बंगला, त्यात एक विधवा बाई, तिची माणसं, एक मुका माळी. त्या घरात एकेक माणूस मरत जातं. कोण मारतं ते दिसत नाही. दिसतो फक्त एक कंदील. मग बाजूनं एक हात पडद्यावर येतो आणि कंदिलाची चावी फिरवतो. वात खाली जाते. उजेड मण्याएवढा होतो. आणि मग अंधारात किंकाळी.

गावातले लोक माळ्यावर संशय घेतात, त्याला दगडांनी मारतात. शेवटी कळतं की तो हात घरच्या दिवाणजीचा होता. ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन डोळे पुसणाऱ्या, सगळ्यांत मायाळू माणसाचा.

पुरुष त्याला कंदिलाचा पिच्चर म्हणत. बायका म्हणत डावऱ्याचा पिच्चर, कारण चावी फिरवणारा तो हात डावा होता. पिच्चर एक आणि नावं दोन, पण त्यावरून कधी कुणी कुणाला विचारलं नाही. घरी येऊन बायकोशी सिनेमाच्या गप्पा मारतील असे पुरुष त्या वाडीत नव्हते.

रहिमतबीला खुनाइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा राग येई.

"एवढी मोठ्या घरची मान्सं," ती शेंगा सोलता सोलता दर वर्षी म्हणे, "आन् जेवत्यात डाव्या हातानं. ह्यांला कुनी शिकीवलं न्हाई का गं?"

"दादी, पिच्चर हाय तो."

"पिच्चर आसला म्हनून रीत सोडायची व्हय?"

सुरैयाला वेगळंच कोडं पडे. बंगल्याच्या फाटकावर पाटी होती, तिच्यावरचं एकही अक्षर वाचता येईना. वर्गात तिच्याइतकं घडाघडा वाचणारं कुणी नव्हतं. दादीनं समजूत काढली होती, "ती पिच्चरवाल्यांची भाषा आसती. आपल्याला न्हाई येत."

त्या वर्षी पहिल्या खेळाला सुरैयाच्या एका बाजूला दादी होती आणि दुसऱ्या बाजूला तुळजा. तुळजा म्हणजे गेणबांची सून, विशीतली. पडद्यावर कंदील आला की ती सुरैयाचा हात घट्ट धरी. तिचा तळवा खरखरीत आणि गार होता.

"तुळजावैनी, तुमाला तर सगळं ठावं हाय," सुरैया कुजबुजली. "मग भ्या का वाटतं?"

"ठावं हाय म्हनून तर वाटतं."

"मग येता कशाला?"

तुळजानं पडद्यावरची नजर काढली नाही. "हितलं भ्या सपतं, सुरय्ये," ती म्हणाली. "शेवटाला बत्ती लागती आन् समदी उठून जात्यात."

सुरैयाला त्याचा अर्थ कळला नाही. सुलतानाला कळला असता. पोलक्याचं माप घेताना तिनं तुळजाच्या पाठीवरचे वळ पाहिले होते. टेप तशीच हातात धरून ती क्षणभर थांबली होती, आणि मग काही न बोलता तिनं माप सांगितलं होतं. घरातलं रॉकेल जास्त जळलं तरी सासू धोंडाबाई सुनेला मारते, हे वाडीला ठाऊक होतं. पण गेणबांच्या घरातलं गेणबांच्या घरात, असं सगळे धरून चालत. इस्माईलचं मशीन तर त्यांच्याच पडवीत होतं.

आता कोंडाजीची ओळख करून घ्या. वाडीच्या तोंडाशी त्याची खोपटी होती. तो कंदील आणि स्टो दुरुस्त करी, लग्नाकार्याला गॅसबत्त्या भाड्यानं देई. एकटा माणूस, बोलायला तिरकस. आणि डावखुरा. पंप मारणं, पिन घालणं, वात कातरणं, सगळं डाव्या हातानं. पूर्वी मुलं त्याच्यापाशी बसून बत्ती पेटताना बघत. सिनेमा येऊ लागल्यापासून ती लांब उभी राहून ओरडत, "डावऱ्या, वात खाली कर."

"करतो की," कोंडाजी मान वर न करता म्हणे. "कुनाची करू? ये, हिकडं ये."

मुलं पळत, पुन्हा येत. सुरैयाही त्यांत असे. तो सगळा खेळच होता, कोंडाजीच्याही लेखी.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सुरैयाची शेळी सुटली. शोधत शोधत ती गेणबांच्या मळ्याच्या बांधावर गेली. माणसाचा आकार दिसावा पण तोंड ओळखू येऊ नये, अशी ती वेळ. शेळी करवंदीच्या जाळीत सापडली. तिला ओढत आणताना सुरैयाला पलीकडं विहिरीच्या काठावर एक कंदील दिसला. नुसता कंदील, दगडावर ठेवलेला. ती बघत असतानाच त्याचा उजेड खाली जाऊ लागला. खाली, आणखी खाली, अगदी मण्याएवढा झाला आणि तसाच राहिला.

तिनं शेळीचं दावं हाताला गुंडाळलं आणि जी धूम ठोकली ती घराच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. घरी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सिनेमाला जाणं बंद झालं असतं.

सकाळी तुळजा विहिरीत सापडली.

काठावर सगळी वाडी जमली. धोंडाबाई कपाळ बडवत होती. गेणबा गुडघ्यात मान घालून बसले होते. दगडावर कंदील तसाच होता, काच शाबूत, वात खाली गेलेली, विझलेला.

पोलीसपाटलांनी विचारलं, "काल सांजच्याला हिकडं कोन आलं व्हतं? कुनी काय बघितलं का?"

दादीचं लुगडं धरून उभी असलेली सुरैया म्हणाली, "म्या कंदील बघितला."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. एवढी मोठी माणसं आपल्याकडं बघताहेत, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

"मंग?"

"मंग वात खाली गेली."

"कुनी केली?"

धोंडाबाईचं रडणं थांबलं होतं. ती पुढं आली आणि तिनं सुरैयाचे खांदे धरले. "आगं, वात काय आपसूक खाली जाती? चावी फिरीवनारा हात आसंलच की. कुठला हात व्हता? सांग, माजी बाय."

सुरैयानं डोळे मिटले, आणि तिला हात दिसला. पडद्याएवढा मोठा, काळ्या केसांचा, बाजूनं येणारा, चावीवर बोटं ठेवणारा.

"डावा," ती म्हणाली.

ती खोटं बोलली नाही, मुलांनो, एवढं ध्यानात ठेवा. तिला तो हात खरंच दिसत होता. विहिरीच्या काठावर दिवसाढवळ्या उभी राहूनही दिसत होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते लांबवून सांगावं असं नाही. लोक कोंडाजीच्या खोपटीवर गेले. तो बत्तीला नवा मेंटल, उजेड देणारी जाळीची पिशवी, बांधत होता. "काय रं, एवढी वरात?" त्यानं विचारलं. कुणी तरी म्हणालं, "तूच म्हनत हुतास न्हवं, वात खाली करतो म्हनून?" तो हसला, आणि ते हसणं त्याला महागात पडलं. काचा फुटल्या, बत्त्या रस्त्यावर आल्या. कुणाच्या तरी हातातली काठी त्याच्या डाव्या मनगटावर पडली, आणि मग पुन्हा तिथंच पडली. पोलीसपाटलांनी अंग मध्ये घातलं म्हणून तो जिवंत राहिला. हवालदारानं त्याला चौकीत नेलं. हात कामट्या लावून बांधला, पण वैद्य म्हणाला की बोटं आता वळायची नाहीत.

माळ्याला दगड बसले की दर वर्षी डोळ्यांना पदर लावणाऱ्या सगळ्या बायका त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. रहिमतबीही होती.

तंबू उठेल असं सगळ्यांना वाटलं होतं. घडलं उलटंच. सूस, पिरंगुट, कुठून कुठून माणसं बैलगाड्या जुंपून तो पिच्चर बघायला येऊ लागली. खेळ सुरू व्हायच्या आधी ती विहीर बघून येत, मग फुटलेली खोपटी बघत, आणि मग तंबूत बसत.

सुरैया मात्र गेली नाही. ती जेवेना. झोपेत तिला तो हात दिसे. शाळेत मुली तिला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावत, आणि प्रत्येक वेळी हात जास्त स्पष्ट होई. त्याच्यावर आता कोंडाजीच्या हातावरची काजळीसुद्धा दिसू लागली होती.

अशात एका दुपारी वावटळ आली आणि तंबूचा पडदा उभा फाटला. कमरुद्दीनचाचानं इस्माईलला बोलावणं धाडलं. कापड ताणून धरायला कुणी तरी हवं म्हणून इस्माईलनं सुरैयाला बरोबर घेतलं. घरात बसून पोर वाळत चाललीय, जरा बाहेर पडू दे, हाही विचार होता.

पडदा खाली पेंढ्यांवर पसरला होता. इस्माईल सुईनं बारीक टाके घालत होता.

"उलटी बाजू वर घे," तो सुरैयाला म्हणाला. "शिवन पलीकडं जाऊ दे. मशीनच्या बाजूनं सुलटी दिसली पायजे."

"बायकांच्या बाजूनं उलटी दिसली तर चालंल व्हय?"

"बायकांला उलटंच बघायची सवय हाय," कमरुद्दीनचाचा हसून म्हणाला.

सुरैयाला वाटलं, तो शिवणीबद्दल बोलतोय.

"चाचा," तिनं विचारलं, "येवढा जुना पिच्चर. समद्यांला शेवट ठावा हाय. तरी का येत्यात?"

कमरुद्दीननं विडी विझवली. "आगं, ठावं नसनारा निस्ता बघत बसतो. ज्याला ठावं हाय तो आतल्या आत वरडतो, आरं, तिकडं जाऊ नगं, दार उघडू नगं. आन् त्याचं कुनी ऐकत न्हाई. त्याच्यावानी दुसरं भ्या न्हाई, पोरी." मग तो जरा थांबून म्हणाला, "पर यंदाची गर्दी मला बरी वाटंना. यंदा मान्सं पिच्चर बघाया येत न्हाईत."

दिवेलागण झाली. पडदा वर चढला. पलीकडं बायकांची बाजू गच्च भरली होती, तिकडं वळसा घालून जायला वाट नव्हती. "ऱ्हाऊ दे, बस माझ्यापाशी," इस्माईल म्हणाला. अशी सुरैया पहिल्यांदाच मशीनच्या बाजूला बसली.

सिनेमा सुरू झाला. बंगल्याचं फाटक आलं, पाटी आली, आणि सुरैया चमकली. पाटीवर चक्क आपली अक्षरं होती. तिनं ती मोठ्यानं वाचली. बाजूचा म्हातारा म्हणाला, "शिकल्याली दिसतीया."

जेवणाचा प्रसंग आला. माणसं उजव्या हातानं जेवत होती.

वडिलांना बिलगून ती कंदिलाची वाट बघत राहिली. कंदील आला. बाजूनं हात आला. काळ्या केसांचा, सावकाश येणारा, तोच. त्यानं चावीवर बोटं ठेवली.

तो उजवा होता.

पडद्यापलीकडं बायकांनी "अगं बाई" करून श्वास घेतला, तो तिला ऐकू आला. त्यांना आत्ता, या क्षणी, डावा दिसत होता.

"अब्बा," ती म्हणाली, "ह्यो दुसरा पिच्चर हाय का?"

"तोच हाय की."

"हात डावा व्हता."

इस्माईलनं तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. "आगं, तू मागनं बघतीस. कापडाच्या उलट्या बाजूनं समदं उलटं दिसतं. उजवं ते डावं आन् डावं ते—" बोलता बोलता तो थांबला. त्याचा चेहरा मशीनच्या उजेडात पांढरा दिसला. त्यानं सुरैयाचा हात धरला आणि सिनेमा अर्धा टाकून तिला बाहेर आणलं.

घरी सुलताना भाकरी करत होती. ती चुलीपुढून उठली, तिनं कंदील उचलून फडताळात ठेवला, आणि हात काढता काढता सहज चावी फिरवून वात खाली केली. कंदील ठेवला की वात खाली करायची. रॉकेल जळायला नको. वाडीतली प्रत्येक बाई असंच करी, विचार न करता.

सुरैया बघत राहिली. उजेड खाली गेला, मण्याएवढा झाला.

"अम्मा," ती म्हणाली. "तुळजावैनी एकलीच व्हती."

सुलतानाचे पिठाचे हात तसेच राहिले.

"तिनंच कंदील ठिवला. तिनंच वात खाली केली. रॉकेल जळाया नगं म्हनून. न्हाईतर सासू मारती." सुरैयानं फडताळातल्या कंदिलाकडं बोट केलं. "म्या हात बघितलाच न्हाई, अम्मा. लांबनं हात दिसतो व्हय? निस्ता उजेड बघितला. हात तंबूतला व्हता."

तुळजाचा तोल गेला की तिनं स्वतःला सोडून दिलं, हे त्या घरात कुणाला सांगता येणार नव्हतं, आणि आजही सांगता येत नाही. पण एवढं खरं की जाताना तिनं सासरचं रॉकेल वाचवलं होतं.

"उद्याचा बाजार झाला की कोंडाजीला पुन्याच्या कोर्टात न्हेनार हायेत," इस्माईल म्हणाला. "हवालदाराकडं हिच्या बोलन्याबिगर दुसरं काय न्हाई."

"आन् ही बोलली तर?" सुलताना म्हणाली. "कोंडाजी न्हाई तर मंग कोन, आसं इचारतील. मंग तिच्या पाठीवर काय व्हतं ते निघंल. गेनबातात्या मशीन पडवीत ऱ्हाऊ देतील का? चार घरं आपली. कुटं जायाचं?"

"न्हाई ऱ्हाऊ देनार."

"मंग?"

इस्माईल सुईत दोरा ओवत होता, शिवायला काहीच नसताना.

कोपऱ्यात रहिमतबी गोधडीत बसली होती. ती म्हणाली, "त्यो माळी मुका व्हता. म्हनून मी रडायची." थोड्या वेळानं म्हणाली, "कोंडाजी तर बोलत व्हता. मी न्हाई, मी न्हाई, म्हनत व्हता. म्या ऐकलं."

सुलताना भिंतीला टेकली. "माप घेताना मी टेप धरून उबी ऱ्हायली," ती हळू म्हणाली. "एक शब्द बोलली न्हाई मी तिच्याशी."

सकाळी इस्माईलनं दुकान उघडलं नाही. त्यानं सुरैयाला धुतलेलं परकर-पोलकं घालायला सांगितलं, आणि दोघं पौडच्या वाटेला लागली. वाटेत कोंडाजीची खोपटी आली. काचा अजून रस्त्यात पडल्या होत्या, गाडीच्या चाकांनी त्यांची भुकटी झाली होती. सुरैया अनवाणी होती. ती कडेनं गेली.

चौकीच्या ओट्यावर गेणबा बसले होते. कोर्टाचं काय-कसं ते विचारायला आले असावेत. ते एका आठवड्यात म्हातारे दिसू लागले होते.

"काय टेलर, आज दुकान बंद?"

"पोरीला काय तरी सांगायचं हाय, तात्या."

"तिचं सांगून झालंय की."

"व्हय. पर—"

"झालंय म्हनतो ना." गेणबांचा आवाज चढला नाही. "लेकराला कशाला उन्हातानाचं हिंडीवतोस. घरी ने. आन् दुकान उघड. माजा सदरा पडलाय तुज्याकडं."

इस्माईल तिथंच उभा राहिला. त्यानं सुरैयाचा हात धरून ठेवला होता. दारातून आतलं दिसत होतं. हवालदार टेबलाशी चहा पीत होता. त्याच्यामागं गजांच्या आड कोंडाजी भिंतीला टेकून बसला होता. बांधलेला हात त्यानं मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याचा असावा तसा, आणि उजव्या हातानं तो चहाची कपबशी उचलायला बघत होता. त्याला जमत नव्हतं. चहा बशीत, बशीतून गुडघ्यावर सांडत होता.

सुरैयानं वडिलांचा हात सोडला.

ती आत गेली. हवालदारानं कपावरून पाहिलं. भिंतीवर खिळ्याला चौकीचा कंदील टांगलेला होता. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढून कंदील काढला आणि हवालदाराच्या टेबलावर ठेवला. मग मागं सरकत सरकत दारापर्यंत गेली.

"ह्याच्याहून लई लांब व्हते मी," ती म्हणाली. "बांधावर. मला कंदील दिसला. उजेड खाली गेला. हात दिसला न्हाई. मी सांगितला तो हात पिच्चरमधला व्हता, आन् तो बी उलटा. कोंडाजीबाबानं काय केलं न्हाई."

हवालदारानं कप खाली ठेवला. कोंडाजी तिच्याकडं बघत होता. सुरैयाला वाटलं होतं, तो काही तरी तिरकस बोलेल.

"पुन्हा सांग," हवालदार म्हणाला. "सावकाश."

सुरैयानं मागं वळून पाहिलं. ओट्यावर गेणबा उठून उभे राहिले होते. त्यांच्या बाजूला तिचे वडील, मान खाली घालून, पण तिथंच. रस्त्यानं बाजाराला निघालेली माणसं थांबून आत डोकावत होती. त्यांत त्या दिवशी काठ्या घेऊन आलेलीही होती.

मग सुरैया उंबरा ओलांडून बाहेर ओट्यावर आली, सगळ्यांना दिसेल अशी गेणबांच्या समोर उभी राहिली, आणि शेळी सुटली तिथपासून मोठ्यानं पुन्हा सांगू लागली.